बोक्याचं सुरक्षित हस्तांतरण

३ फेब्रुवारी, सोमवार

रोजनिशी पुन्हा सुरू. या वेळी रोज लिहिणार. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

शनिवारी दुपारी गॅलरीतून एक बोका घरात आला. पांढरा, एक कान तपकिरी, गळ्यात निळा पट्टा. सरळ माझ्या खुर्चीत जाऊन बसला आणि 'आपलं काय काम होतं?' अशा नजरेने माझ्याकडे बघू लागला. न विचारता माझ्या खुर्चीत बसणारा हा घरातला तिसरा. आधीचे दोघं म्हणजे ही आणि हिचा भाऊ. मी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं.

आज ही शाळेतून बातमी घेऊन आली. (ही गणित शिकवते. बातमीही उत्तरासारखी देते, एकदाच आणि ठणकावून.) मेडिकलच्या दारावर कागद लावलाय, बोका हरवला आहे, फोटो याचाच, खाली नंबर. म्हणाली, आत्ता फोन करा. मी म्हणालो, करतो, पण रीतसर.

रीतसर का, ते लिहून ठेवतो. गेल्या वर्षी एका मॉलच्या पार्किंगमध्ये अनोळखी माणसाकडून मी मोबाइल घेतला. सीलबंद खोकं. घरी येऊन फोडलं तर आत अंगाचा साबण. कारखान्यात मी स्टोअरचा इनचार्ज आहे. बाहेरून आलेला माल तपासून घेणं हेच माझं काम. त्यामुळे ही गोष्ट जरा जास्तच पसरली. तेव्हापासून कॅन्टीनमध्ये मला 'साबणे' म्हणतात. नव्या लोकांना ते माझं खरं आडनाव वाटतं. मध्ये एकाने रजेच्या अर्जावर 'मा. साबणे साहेब यांस' असं लिहून आणलं होतं. मी सही केली. काय करणार, रजा खरी होती.

संकल्प : यापुढे प्रत्येक व्यवहार पूर्ण सुरक्षितपणे. बोका उद्या परत.


४ फेब्रुवारी, मंगळवार

फोन केला नाही. आवाज रेकॉर्ड होतात. मेसेज केला. बराच वेळ घासूनपुसून मजकूर पक्का केला. 'तुमचा बोका माझ्याकडे आहे. सध्या सुरक्षित आहे. पुढील सूचनेची वाट पाहावी.' थोडक्यात आणि धीर देणारा.

पाठवल्याबरोबर फोन वाजायला लागला. उचलला नाही. वाजतच राहिला. मग मेसेज आले, एकामागून एक. तुम्ही कोण, कुठे राहता, मी आत्ता येते, त्याला थायरॉइड आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी असते, चुकवून चालत नाही, कृपा करून पत्ता सांगा. गोळीच्या पाकिटाचा फोटोसुद्धा.

एक तर घाई. त्यात पत्ता मागणं. आणि वर आजारपण. फसवणाऱ्यांच्या घरी कुणीतरी आजारी असतंच. शिवाय मांजराला थायरॉइड! थायरॉइड हिच्या आत्याला आहे. मांजराला कसा असेल?

हिने विचारलं, दिलात का? म्हटलं, प्रोसेस सुरू आहे.


५ फेब्रुवारी, बुधवार

मालकीचा पुरावा मागवला. बाईंनी इतके फोटो पाठवले की फोन गरम झाला. साहेब इस्त्रीच्या टेबलावर. साहेब घडी केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर. साहेब हँगरच्या खोक्यात, नुसते कान बाहेर. बाईंची लाँड्री आहे, हे त्यावरून कळलं. पन्नाशीच्या पुढच्या असाव्यात, चष्मा, केस मागे घट्ट बांधलेले. एका फोटोत साहेब त्यांच्या खांद्यावर झोपलेत आणि त्या तशाच एका हाताने इस्त्री करतायत.

फोटो खरेच वाटतात. पण हल्ली कॉम्प्युटरवर काहीही बनवता येतं.

बोक्याचं नाव त्यांनी 'ठोंब्या' असं लिहिलं. इतक्या रुबाबदार प्राण्याला कुणी असं नाव ठेवील, हे मनाला पटत नाही. मी हाक मारून बघितली, 'ठोंब्या!' तो धावत आला. पण तो 'साहेब' म्हटल्यावरही एकदा आला होता. तेव्हा माझ्या हातात मासळी होती, ही गोष्ट वेगळी.


६ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांची तब्येत उत्तम. भूक सपाटून लागते. पाणी इतकं पितो की त्याच्याकडून शिकावं. पट्टा मात्र सैल पडायला लागलाय. कातडं ताणलं असणार. हल्ली वस्तूंना दर्जाच नाही.

पहाटे गातो. ही म्हणते, ते गाणं नाही, कण्हणं आहे. हिला संगीताचा कान नाही.

संध्याकाळी कारखान्यातून आलो तर दारात बसला होता. दार उघडताच पायाला अंग घासलं. मुलगी नोकरीसाठी लांब गेल्यापासून दारात असं कुणी नसतं. हिला पेपर तपासायचे असतात. अर्थात याचा आणि प्लॅनला लागणाऱ्या वेळाचा काही संबंध नाही. प्लॅनला वेळ लागतो कारण प्लॅन पक्का हवा.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

जागा ठरली. सार्वजनिक बाग. सगळ्या जाणकारांचं यावर एकमत आहे. दिवसाउजेडी भेटा, वर्दळीत भेटा, घरचा पत्ता देऊ नका.

अर्धी रजा टाकून पाहणीला गेलो. बंद पडलेल्या कारंज्यासमोर एक बाक आहे, चारी बाजूंनी दिसतो. पलीकडे मेंदीचं कुंपण, एका माणसाला आरामात लपता येईल असं. हिच्या शाळेच्या सहलीची दुर्बीण नेली होती. कुंपणामागून बाक कसा दिसतो ते बघत होतो, तेवढ्यात वॉचमन आला. काय करताय, म्हणाला. मी म्हणालो, पाहणी. तो म्हणाला, कसली? तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुर्बिणीच्या रेषेत बाकाच्या मागे लहान मुलांची घसरगुंडी आहे. तिथल्या दोन आयांनी पोरांना उचलून घेतलं होतं.

पक्षी बघतोय, असं म्हणालो. कुठला पक्षी, म्हणाला. कबूतर, म्हणालो.

तो फाटकापर्यंत माझ्या मागे चालत आला. एकूण बागेची सुरक्षा चोख आहे. जागेची निवड योग्य.


८ फेब्रुवारी, शनिवार

बाईंना सूचना पाठवल्या. उद्या सकाळी दहा, कारंज्यासमोरचा बाक. एकट्यानेच यावं. ओळख पटावी म्हणून लांबून दिसेल असं भडक काहीतरी अंगावर. डाव्या हातात वर्तमानपत्र. सोबत पिशवी नको. कुणाला सांगू नये, पोलिसांना मध्ये आणायची गरज नाही, गर्दीने बोका बिथरेल.

उत्तर लगेच. 'हो. तुम्ही सांगाल तसं. फक्त त्याला गोळी द्या. तुमच्याकडे नसेल तर मी आज कुठेही ठेवून येते, तुम्ही नंतर उचला, मी बघायला थांबणार नाही.'

बाई जराशा नाटकी वाटतात. पण मेसेज दोनदा वाचला. मग फोन उलटा ठेवून दिला.

संकल्प : उद्या बोका परत. शंभर टक्के.


९ फेब्रुवारी, रविवार

बोका नेला नाही. पहिली भेट ही नेहमी चाचणी असते. माल घेऊन पहिल्याच फेरीला जाणारा माणूस मूर्ख. (अनुभव आहे.)

दहाच्या आधीच कुंपणामागे जागा घेतली. बाई त्याच्याही आधी येऊन बसल्या होत्या. लख्ख ऊन पडलेलं आणि अंगात नारिंगी रेनकोट. भडक काहीतरी म्हटलं होतं ना, म्हणून. गिऱ्हाइकाचाच असावा, बाह्या हाताच्या खाली लोंबत होत्या. चेहरा घामाने निथळत होता. डाव्या हातात वर्तमानपत्र. पिशवी नको म्हटलं होतं, म्हणून एक टॉवेल नुसता घडी करून मांडीवर ठेवला होता. उजवी मूठ मिटलेली. मुठीत काय आहे, ते दुर्बिणीतूनही दिसेना. मग त्यांनी मूठ उघडून बघितलं. गोळीचं पाकीट.

त्या वेळी मी जायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. पण थोड्या अंतरावर एक दांडगा तरुण बुटाची नाडी बांधत होता. नाडी बांधायला किती वेळ लागतो? तो बांधायचा, सोडायचा, परत बांधायचा. साथीदार! मी ऑपरेशन रद्द केलं.

लगेच निघता येईना. निघालो तर दिसलो असतो. त्यामुळे बाई बसून होत्या तोवर मीही कुंपणामागे. कुणी बागेत शिरलं की त्या अर्ध्या उठायच्या, वर्तमानपत्र उंच धरायच्या, मग परत बसायच्या. दुपार झाली. शेवटी त्यांनी टॉवेल उलगडला, झटकला, नीट घडी केली आणि गेल्या. रेनकोट फाटकाबाहेर पडल्यावर काढला. कदाचित बागेत असेपर्यंत नियम आहे, असं वाटलं असेल.

घरी हिने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, त्या आल्याच नाहीत.

हे खोटं नाही. एकट्या यायचं ठरलं होतं. एकट्या आल्या नाहीत, म्हणजे ठरल्याप्रमाणे आल्या नाहीत. म्हणजे आल्या नाहीत.

जेवण गेलं नाही. ऊन बाधलं असावं.


११ फेब्रुवारी, मंगळवार

काल लिहिलं नाही. कामं होती. (नव्हती.)

बाईंना कळवलं, 'रविवारी नियम पाळला गेला नाही. यापुढे काळजी घ्यावी.' कडक, पण गरजेचं.

त्यांचं उत्तर, 'माफ करा. माझं काय चुकलं तेवढं सांगा. पुन्हा चुकणार नाही.'

वय झालेली बाई माझी माफी मागते आहे. कॅन्टीनमध्ये कुणी माझ्याशी इतक्या अदबीने बोलत नाही. आनंद व्हायला हवा होता. मेसेज वाचताना शेजारून शिपाई गेला, तर मी फोन खिशात लपवला. का लपवला, काही कळलं नाही.

साहेबांनी आज माझ्या कारखान्याच्या बुटात उलटी केली. जास्त खाण्याने होतं. उद्यापासून डाएट.


१२ फेब्रुवारी, बुधवार

डाएट सुरू केलं, पण आता तो स्वतःच खात नाही. मासळीचा वास घेतो आणि तोंड फिरवतो. खुर्चीवर उडी मारायला गेला, अर्ध्यातून घसरला. मी उचलून बसवला. उचलताना हाताला नुसती हाडं लागली. थंडीत प्राणी बारीक होत असतील.

मेडिकलमध्ये गेलो. गोळीचा फोटो फोनमध्ये आहेच. दुकानदाराला म्हटलं, ही द्या. तो म्हणाला, कुणासाठी? दारावर जाहिरात तशीच होती, माझ्या नाकासमोर. मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन आलो.

तरी एक तत्त्व म्हणून लिहितो, अनोळखी माणसाने सांगितलेलं औषध कधीही देऊ नये.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाईट दिवस.

हिचा फोन चार्जिंगला होता. गॅसवाल्याचा नंबर हवा म्हणून हिने माझा घेतला. मी अंघोळीला. बाहेर आलो तर ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली. गॅसवाल्याला फोन केला नव्हता. सगळं वाचलं होतं.

मग तिने माझे मेसेज मोठ्याने वाचून दाखवले. एकेक. वर्गात उत्तरपत्रिका वाचून दाखवते त्या आवाजात. 'सध्या सुरक्षित आहे.' 'एकट्यानेच यावं.' 'पोलिसांना मध्ये आणायची गरज नाही.' आपलं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की त्यातला सूर थोडा वेगळा लागतो, हे मान्य.

म्हणाली, अहो, हे तुम्ही लिहिलंय? ही पळवून नेल्याची चिठ्ठी आहे. त्या बाई बिचाऱ्या जीव मुठीत धरून बसल्या असतील.

मी सुरक्षिततेचा मुद्दा मांडायला गेलो. ती म्हणाली, त्या बोक्याकडे बघितलंत का आज? त्या रोज गोळी द्या म्हणून विनवतायत, रोज. तुम्ही एकदाही 'देतो' म्हणाला नाहीत. 'नाही' पण म्हणाला नाहीत.

मी टॉवेलवर उभा. पाणी गळत होतं.

ती तिथल्या तिथे बाईंना फोन लावणार होती. मी हात जोडले. म्हटलं, हे मलाच पूर्ण करू दे, नाहीतर मी कायमचा... 'साबणे' हा शब्द तोंडातच ठेवला. तिला कळलं असावं. म्हणाली, उद्या सकाळी. आणि आत्ता जाऊन गोळी घेऊन या.

उद्या माझी स्टॉकची तपासणी, सुटका नाही. परवा ठरलं. गोळी आणली. साहेबांनी थुंकली. परत दिली. परत थुंकली.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंना साधा मेसेज केला. उद्या दहा वाजता, तोच बाक, नक्की आणतो. या वेळी नियम घातले नाहीत. फक्त एकटं यावं एवढंच. ते सवयीने लिहिलं गेलं.

मेहुण्याला बोलावलंय. तो शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर, अंगाने भरदार, समोरच्यावर वचक बसतो. त्याचं काम इतकंच, झाडाखाली उभं राहायचं आणि धोका दिसला तर शिट्टी वाजवायची. तो म्हणाला, भाऊजी, मांजरच द्यायचंय ना? म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. म्हणाला, शिट्टी कुठली वाजवू, व्हॅनची की क्रिकेटची? म्हटलं, कुठलीही.

ही म्हणाली, मीही येणार. नको म्हणायची सोय नव्हती.

साहेब दिवसभर माझ्या मांडीवर होते. वजन जाणवत नाही.


१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ

जसं घडलं तसं लिहितो. एकदाच.

टोपी आणि काळा चष्मा घालून गेलो. साहेब कपड्यांच्या बास्केटमध्ये, वरून सुतळी बांधलेली. ही माझ्या मागे दहा पावलं, तिनेच अंतर ठेवलं होतं. मेहुणा झाडाखाली. बाई बाकावर. नारिंगी रेनकोट आजही. मी सांगितला नव्हता.

नाडीवाला तरुण होताच. पण मी चालत राहिलो. हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. मी चालत राहिलो.

बाकाजवळ पोहोचतो न पोहोचतो, तो नाडीवाला उठला. तो उठला म्हणून मेहुण्याने शिट्टी फुंकली. शिट्टी वाजली म्हणून मी दचकून मागे फिरलो, बास्केटसकट. आणि मी बोका घेऊन पळतोय असं वाटून नाडीवाल्याने झेप घेतली आणि माझा दंड धरला. टोपी पडली. पुढच्या क्षणी वॉचमन, फिरायला आलेली सगळी मंडळी, आणि फाटकाशी आधीच बसवून ठेवलेला एक पोलीस. मेहुणा गडबडीत शिट्टी वाजवतच राहिला. कुणीतरी त्याच्या तोंडातून ती काढून घेतली.

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. खाली बसल्या, दातांनी सुतळी तोडली आणि म्हणाल्या, 'ठोंब्या. ए ठोंब्या. आले मी.'

तो उठला नाही. डोकं उचललं आणि त्यांच्या मनगटावर ठेवलं. बाईंनी एका हाताने त्याचा जबडा उघडला, गोळी आत टाकली, गळ्यावरून बोट फिरवलं. गिळली त्याने. मी दोन दिवस झटत होतो.

पोलिसाने बाईंच्या फोनवरून माझे मेसेज वाचले. मोठ्याने. दुसऱ्यांदा ऐकताना ते आणखी वाईट वाटले. 'पुढील सूचनेची वाट पाहावी'ला कुणीतरी हसलं. पोलीस म्हणाला, काय मागणार होतात? मी म्हणालो, काही नाही, परत द्यायचा होता. तो म्हणाला, मग द्यायचा ना! मी पडलेली टोपी उचलून झटकली.

नाडीवाला बाईंचा भाचा निघाला. म्हणाला, रविवारीच धरला असता याला, कुंपणामागे बसला होता दुर्बीण घेऊन. पण मावशी म्हणाली, त्याला घाबरवू नकोस, मांजराला काहीतरी करेल.

मांजराला काहीतरी करेल. मी.

तेव्हा बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, 'रविवारी मी इथे बसले होते, तेव्हा तुम्ही बघत होतात?'

ही शेजारी उभी होती. हिला मी सांगितलं होतं, त्या आल्याच नाहीत.

मी म्हणालो, 'नाही.'

भाच्याने फोन काढला. फोटोत मेंदीचं कुंपण, वर माझं टक्कल आणि दुर्बीण. फोटो हातोहात फिरला. हिच्या हातात आला. हिने तो दोन बोटांनी मोठा करून बघितला, मग परत दिला. आपल्या अंगावरची शाल काढली, बोक्यावर टाकली आणि बाईंबरोबर रिक्षात बसून जनावरांच्या दवाखान्यात गेली.

बाईंनी तक्रार केली नाही. पोलीस निराश दिसला. मला म्हणाला, जा घरी काका. 'काका' ज्या आवाजात म्हणाला, त्यापेक्षा दोन लगावल्या असत्या तर बरं.

मी आणि मेहुणा व्हॅनमधून परत आलो. तो एवढंच म्हणाला, शिट्टी लवकर वाजली का हो भाऊजी?


१७ फेब्रुवारी, सोमवार

बोका दवाखान्यात सलाईनवर आहे. ही शाळा सुटली की परस्पर तिकडे जाते. मला कळतं ते मेहुण्याकडून. माझ्याशी ही मोजकं बोलते, भाजी आणा, दार लावा.

थंड डोक्याने विचार केला. चूक दोन्हीकडून झाली. त्यांनी भाच्याला आणायला नको होतं. मी थोडी जास्त काळजी घेतली. संवादाचा अभाव. माफीचा मेसेज त्याच धर्तीवर लिहिला, 'दोन्ही बाजूंनी झालेल्या गैरसमजाबद्दल खेद वाटतो.' पाठवण्याआधी हिला दाखवला. तिने लाल पेन घेतलं आणि कागदावर नाही, हवेत एक रेघ मारली.

मेसेज पाठवला नाही.


१९ फेब्रुवारी, बुधवार

खुर्ची रिकामी आहे, तरी मी तिच्यात बसत नाही. पांढरे केस पडलेत. झाडायला हवेत.

आज ही आपणहून बोलली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर हाती लागला नसता. एवढं सांगून पेपर तपासायला बसली. मी विचारलं, त्या माझ्याबद्दल काही म्हणतात का? म्हणाली, नाही. बोक्याबद्दल बोलतात.

मी म्हणालो, मी त्याला चांगलं जपलं होतं ग. ती म्हणाली, माहीत आहे. तुम्हाला तो द्यायचाच नव्हता. एवढं नुसतं म्हणाला असतात तर मी समजले असते, त्याही समजल्या असत्या. त्याऐवजी त्यांना चोर ठरवलंत.

हे खरं नाही. प्लॅनला वेळ लागतो.

(वरचं वाक्य खोडायचं आहे. राहू दे.)


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बोका घरी गेला. म्हणजे लाँड्रीत. संकल्प केला, रविवारी जाऊन समोरासमोर माफी मागायची. मेसेज नाही, चिठ्ठी नाही, सोबत कुणी नाही. काय बोलायचं ते पाठ केलंय. 'माझं चुकलं. तुम्ही बसला होतात आणि मी बघत होतो.' एवढंच. यात अवघड काय आहे?


२३ फेब्रुवारी, रविवार

गेलो. दोनदा दुकानावरून पुढे गेलो, तिसऱ्यांदा आत शिरलो.

वाफेचा आणि ताज्या इस्त्रीचा वास. वर तारेला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोट. बाई इस्त्री करत होत्या. टेबलाच्या टोकाला चादरीच्या घडीवर ठोंब्या. पुढच्या पायावरचे केस सलाईनसाठी काढलेले, तेवढा पाय कोंबडीसारखा दिसत होता. अंगाने थोडा भरलाय. माझ्याकडे बघितलं, जांभई दिली, डोळे मिटले.

टोपी-चष्मा नव्हता, त्यामुळे बाईंनी मला ओळखलं नाही. इस्त्री बाजूला ठेवून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं तिथे नव्हतं.

इस्त्रीतून मधूनमधून वाफ सुटत होती. मग मला दुसरं काही सुचेना, म्हणून अंगातला स्वेटर काढून काउंटरवर ठेवला. त्या स्वेटरकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, 'धुवायचा?' मी मान हलवली. आणखी थोडा वेळ थांबल्या. मागून एक माणूस पडद्यांचं बोचकं घेऊन आत आला. मी त्याला वाट दिली. वाट देता देता रस्त्यावर आलो.

घरी यायला एक तास लावला. हिने विचारलं, बोललात? मी म्हणालो, दुकानात फार गर्दी होती ग. पुढच्या वेळी नक्की.

ही हातातली वही मिटून म्हणाली, त्यांचा फोन येऊन गेला.

म्हटलं, ओळखलं होतं?

म्हणाली, दुकानावरून पहिल्यांदा पुढे गेलात तेव्हाच. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून थांबल्या होत्या.

मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून म्हणाली, स्वेटर स्वच्छच आहे म्हणे. त्यात धुण्यासारखं काही नाही. कधीही येऊन घेऊन जा, असं सांगितलंय.